इवायानं धाडलेली बोंडं

बसप्पानं करंडीभोवती तीन फेऱ्या मारल्या, पण तिला हात लावला नाही.

करंडी ओसरीच्या मधोमध ठेवलेली होती. बांबूची, पोटाला फुगीर, वरून सुकल्या पानांनी झाकून काथ्यानं शिवलेली. बोरी गावात जे काही बांधायचं ते अंबाडीच्या दोरीनं बांधतात. काथ्यानं कुणी काही शिवत नाही. त्यामुळं आत काय आहे याच्या आधी बसप्पाला बाहेरच्या शिवणीचाच संशय आला.

"कुठून आणलीस म्हनलास?"

"परभणीच्या टेसनावरनं, मालक." गाडीवान आश्रुबानं मुंडाशानं घाम पुसला. आठवड्यातून एकदा बसप्पाच्या दुकानाचा माल आणायला तो बैलगाडी घेऊन परभणीला जायचा. "तुमच्या नावानं आली. खानापुराहून. पाच दिस रेल्वेतच व्हती म्हनं."

"करोडगिरीच्या नाक्यावर उघडून बघितली का?"

निजाम सरकारच्या मुलखात बाहेरचा माल आला की आधी करोडगिरीच्या नाक्यावर त्याची तपासणी व्हायची. तिथून सुईसुद्धा तपासल्याशिवाय सुटत नसे.

"उघडली न्हाई. कारकुनानं करंडीत काडी खुपसली, काडीचा वास घेतला, अन् माह्याकडं बघितलं."

"कसं बघितलं?"

"बघतेत तसं."

"तसं म्हंजी कसं? हसून, का एक डोळा बारका करून?"

"मालक, त्याला डोळा एकच हाय."

बसप्पानं मान हलवली. एक डोळा असलेल्या माणसानंही नजर टाकावी, म्हणजे मामला साधा नव्हता.

बोरीत बसप्पाचं किराणाचं दुकान होतं आणि हंगामात कापसाची खरेदी. माणूस सरळ होता, पण संशयी. कुलूप लावलं की तीनदा ओढून पाहायचा, घरापर्यंत यायचा आणि चौथ्यांदा ओढायला परत जायचा. घोंगडीवर बसायच्या आधी ती उचलून खाली पाहायचा. कुणी लिंगायत रीतीनं "शरणार्थी" म्हणून हात जोडले की हात जोडता जोडता हा मनात म्हणायचा, 'याला काय पाहिजे आसंल?' त्याची बायको भागम्मा म्हणायची, "आमच्या ह्यांनी लग्नात सुदीक आंतरपाटाखालून वाकून बघितलं, नवरी तीच हाय का म्हनून."

अशा माणसाच्या पोरीची सोयरीक जमायची म्हणजे सोपं काम नव्हतं. नीलम्मा सतरा वर्षांची झाली होती. चार स्थळं बसप्पानं चौकशी करून करून घालवली होती. पाचवं स्थळ गावच्या जंगम स्वामींनी आणलं. खानापूरच्या डोंगरातले लिंगराज अप्पा इवाई, म्हणजे व्याही, होणार होते. त्यांचा मुलगा शिकलेला, रान स्वतःचं, घरात गळ्यात लिंग बांधणारी शरण माणसं. स्थळात नाव ठेवायला जागा नव्हती, आणि हीच बसप्पाची अडचण होती. 'एवढं चांगलं हाय, तर एवढ्या लांब पोरगी कामून शोधायलेत?' तरी स्वामींच्या शब्दाखातर तो हो म्हणाला होता. शब्द पक्का झाला, तारीख तेवढी ठरायची होती. मागच्या महिन्यात त्यानं खानापूरला आपल्या मुलखातला मेवाही धाडला होता. बिब्ब्याची फुलं माळ करून आणि शेरभर गोडंबी. पुडी त्यानं स्वतःच्या हातानं बांधली होती, कारण दुसऱ्यानं बांधलेल्या गाठीवर त्याचा भरवसा नव्हता.

आता त्याला उलट टपालानं ही करंडी आली होती. वर पानात खोचलेलं पत्र होतं. पत्र बाळबोध लिपीत होतं. बसप्पाचा हात आणि डोळा बसलेला मोडीवर. बाळबोध अक्षर सगळं कसं उघडं दाखवतं, आणि जो सगळं उघडं दाखवतो तो काहीतरी लपवत असतो, असं त्याचं मत होतं. एकेका अक्षरावर बोट ठेवत त्यानं वाचलं:

'शरणु शरणार्थी. तुमची फुले पोचली. काय समजायचे ते आम्ही समजलो. उत्तर म्हणून आमच्या रानातली बोंडे धाडीत आहे. बिया फेकू नयेत. बाकीचे समक्ष. सोमवारी येतो. लिंगराज.'

बसप्पानं पत्र उलटं करून पाहिलं. मागं काही नव्हतं. उन्हाकडं धरून पाहिलं. आतही काही नव्हतं.

"काय लिवलंय?" भागम्मानं आतून विचारलं.

"बोंडं धाडलीत म्हनं."

"कापसाची?"

"मंग बोंडं आनिक कशाची अस्तेत?"

हे मात्र खरं होतं. परभणीच्या मुलखात बोंड म्हणजे कापसाचं. शेंबड्या पोराला विचारलं तरी ते पांढरं फुटलेलं बोंडच सांगणार. बसप्पाचं डोकं फिरू लागलं. कापसाच्या व्यापाऱ्याला कुणी कापूस धाडतं का? तोही डोंगरातून, जिथं चार महिने पाऊस कोसळतो? 'म्हंजी माह्या कापसात खोट हाय, असं म्हनायचंय का त्याला? अन् काय समजायचं ते समजलो, म्हंजी काय समजला? फुलं ती फुलं. फुलात समजायचं काय?'

रात्रभर करंडी ओसरीवरच राहिली आणि बसप्पा तिच्याकडं तोंड करून झोपला.

सकाळी करंडीतून एक लालसर ओघळ निघून ओसरीच्या कडेपर्यंत आला होता. त्यावर माश्या बसत होत्या आणि उडताना भिंतीवर आपटत होत्या. बसप्पानं विळ्यानं काथ्या कापला, पानं काठीनं बाजूला केली आणि दोन पावलं मागं सरला.

आत कापूस नव्हता. आत वांग्याएवढी फळं होती, काही लाल, काही पिवळी, काही रेल्वेत चेंगरून फुटलेली. त्यांचा वास गोड होता, पण त्या गोडाला शेवटी एक झणका होता. आणि प्रत्येक फळाच्या बुडाला, बाहेरच्या बाजूला, एक करडं, मुरडलेलं बी लोंबत होतं. देवानं फळ करताना बी आत घालायला विसरावं आणि मग आठवण झाल्यावर खालून चिकटवून द्यावं, तसं.

"दगडाबाईला बोलव," बसप्पा हळूच म्हणाला.

दगडाबाई शेजारची. तिची एक म्हैस होती आणि अर्ध्या गावाला दूध तिचं. पण तिची खरी ख्याती बिब्ब्याची. बिब्ब्याच्या झाडाला वर मऊ फळ आणि खाली काळं बी लागतं. वरचं फळ सुकवतात, त्याला फूल म्हणतात. खालचं बी फोडून आतली गोडंबी काढतात. पण बियाच्या सालीतलं तेल अंगाला लागलं की कातडी जळते. दगडाबाई चाळीस वर्षं बिब्बे फोडत होती आणि तिच्या हाताला एक डाग नव्हता.

तिनं एक फळ देठानं उचललं, फिरवलं, आणि नाकाजवळ नेलं.

"बिब्बाच की हा. थोरला."

"काहीतरीच. बिब्बा काळा अस्तो."

"तिकडच्या पान्यानं करडा झाला आसंल. वर फूल, खाली बी. बिब्ब्यावाचून दुसऱ्या कुनाचं बी भाईर अस्तंय, सांगा बरं? सालीतनं तेल निघालं की बघा."

बसप्पाचा तिच्यावर विश्वास नव्हता. त्यानं स्वतः एक बी दगडावर ठेवून ठेचलं आणि सालीवर अंगठा दाबून पाहिला. तेल निघालं. थोड्या वेळानं अंगठाही लाल झाला आणि दुपारपर्यंत लिंबाएवढा फुगला. आता शंकेला जागा उरली नाही.

"सोयरिकीत बिब्बा घातला की हो बसप्पा तुमच्या इवायानं!" दगडाबाई गालावर हात ठेवून म्हणाली. "तोंडानं न्हाई म्हनायची लाज वाटली, म्हनून करंडीनं सांगितलं."

चांगल्या चाललेल्या कामात खोडा घातला की 'बिब्बा घातला' म्हणायचं, हे मराठी मुलखात सगळ्यांना ठाऊक. पण इथं तो नुसता म्हणायला नव्हता. मोजून करंडीभर होता.

"अन् ह्यो वास?" बसप्पानं विचारलं.

"ह्यो वास मी वळखते. माह्या मालकानं मला तीस वर्सं ह्योच वास दिला, देव त्याला सुखी ठेवो. दारू हाय ही."

"दारू?"

"फळ सडलं म्हनावं, तर सडल्याला असा गोड वास येत न्हाई. तिकडं ह्याची काढत आसतील."

भागम्मानं पदर तोंडाला लावला. बसप्पा मटकन खाली बसला, अर्थात आधी खाली पाहून. एकतर इवाई सोयरीक मोडतोय, नाहीतर इवायाच्या घरी दारू गळते. थोड्या वेळानं त्याला तिसरंही सुचलं. दोन्ही असेल.

"अप्पा," दारामागून नीलम्मा म्हणाली. तिची बोलायची रीत हळू होती, पण शब्द मोजून ठेवलेले. "वाईट करायचं असतं तर बिया फेकू नका म्हनून कामून लिवलं असतं?"

"त्योच तर डाव हाय, बाई! बिया घरात ऱ्हायल्या म्हंजी बिब्बा घरात ऱ्हायला. सोमवारी येऊ दे त्याला. तेनं मोडायच्या आधी मीच मोडतो."

नीलम्मा दाराआडून पुढं आली. तिनं दगडाबाईकडं पाहिलं. दगडाबाईनंही तिच्याकडं पाहिलं, आणि पदर पसरला.

"बिया मला द्या. करनीचा असला तरी बिब्बा त्यो बिब्बा. गोडंबी वाया जाऊ द्यायची न्हाई. चल गं नीले, राख घे अन् तिळाचं तेल घे."

दोघींनी फळांच्या बिया पिळून काढल्या आणि परड्यात चूल मांडली. उरलेली फळं बसप्पानं स्वतः घमेल्यात भरली, फडकं झाकलं, चारी बाजूंना पाहिलं, आणि घरामागच्या उकिरड्यात टाकून वर शेण पसरलं. कुणी पाहिलं नाही याची त्यानं दोनदा खात्री केली. दगडाबाईची म्हैस तेवढी दावणीला बांधलेली होती आणि त्याच्याकडंच बघत होती. पण म्हशीचा संशय घ्यावा, हे काही त्याला सुचलं नाही. माणूस कितीही सावध असला तरी कुठंतरी कमी पडतोच.

रविवारी पहाटे दगडाबाईनं धार काढून दूध वाटलं आणि म्हैस चरायला सोडली. म्हैस रानाकडं गेली नाही. ती उकिरड्यावर गेली. दिवस वर आला तेव्हा ती बसप्पाच्या घरासमोर रस्त्यावर आडवी पसरली होती. चारी पाय एकाच दिशेला, मान मातीवर, डोळे अर्धे मिटलेले. अधूनमधून ती असा काही लांब सूर काढायची की पिंपळावरचे कावळे उडून जायचे.

"माय माह्या लक्षुमीला काय झालं गं!" दगडाबाई तिच्या गळ्यात पडली, आणि लगेच उठली. "अगं बाई. हिच्या तोंडाला तर माह्या मालकाचा वास यायलाय."

माणसं जमली. पोलीस पाटील माणिकराव काठी टेकत आले. वजनदार माणूस. सकाळचं दूध त्यांच्याकडं दगडाबाईचंच जायचं.

"बसप्पा, खरं सांग," पाटील त्याला बाजूला घेऊन म्हणाले. "सकाळी मी गिलासभर दूध पेलो. तवापासनं डोस्कं कसं हलकं हलकं लागायलंय. दुधात काय व्हतं?"

"दुधात काय असणार, पाटील? दूध."

"मंग म्हशीत काय व्हतं?" पाटलांनी डोळे बारीक केले. मग आणखी हळू आवाजात विचारलं, "अजून शिल्लक हाय का?"

तेवढ्यात गर्दी फाकली. जिंतूरहून गस्तीवर निघालेला आबकारीचा जवान शेख मदार सायकल हातात धरून आत आला. चोरून गाळलेली दारू पकडणं हे त्याचं काम. तो आधी म्हशीजवळ बसला. तिच्या तोंडाचा वास घेतला, मान हलवली, आणि तिनं उकिरड्यापासून सांडत आणलेल्या लाल चोथ्याचा माग काढत थेट बसप्पाच्या घरामागं गेला. परत आला तेव्हा त्याच्या काठीच्या टोकाला अर्धं चावलेलं पिवळं फळ होतं.

"ये किसका है जी?"

पुढची माणसं एक पाऊल मागं सरली.

"उकिरडा किसका?"

सगळ्या गावानं एकदम बसप्पाकडं पाहिलं. आयुष्यभर त्यानं ज्या नजरेनं गावाकडं पाहिलं होतं, तीच नजर आज त्याला परत मिळत होती.

आणि नेमका त्याच वेळेला एक तट्ट्याच्या छताची बैलगाडी म्हशीमुळं थांबली. गाडीतून पांढरा पटका आणि कपाळाला विभूतीचे तीन पट्टे असलेला माणूस उतरला. त्यानं म्हशीकडं पाहिलं, जवानाकडं पाहिलं, काठीच्या टोकाकडं पाहिलं.

"शरणार्थी," तो थंडपणे म्हणाला. "मी लिंगराज. खानापूरचा."

"तुमी सोमवारी येनार व्हता!" बसप्पाच्या तोंडून निघालं.

"होय की. सांगितल्या दिवशी गेलं की घर झाडलेलं दिसतंय. आदल्या दिवशी गेलं की खरं दिसतंय." त्यानं पुन्हा म्हशीकडं पाहिलं. "दिसलं की मग."

बसप्पाला राग आला, आणि रागाच्या खाली थोडासा आदरही वाटला. तोही असाच आदल्या दिवशी गेला असता.

"हे तुमच्याच बोंडांनी झालंय!"

"आमची बोंडं आमच्यात मीठ लावून खातात. त्याचं सरबत करतात. तुमी दारू केलात, आणि वर आमचं नाव घेताय? बरं झालं आधी आलो. मी हेच बोलायला आलो होतो, की ही सोयरीक..."

"मी बी तेच बोलनार व्हतो, की ही सोयरीक..."

"खामोश!" जवान ओरडला. म्हशीनंही सूर दिला. "पहिले मेरेकू बोलो. जिसका फल, उसकी शराब. कौन चलता मेरे साथ जिंतूर?"

बसप्पाचं बोट लिंगराजाकडं निघालं होतं. लिंगराजाचं बसप्पाकडं. दोन्ही बोटं हवेत होती, तेवढ्यात माणिकराव पाटील मध्ये आले. जिंतूरला पंच म्हणून आपल्यालाही उन्हातून चालत जावं लागणार, हे पाटलांच्या हलक्या डोक्यात अचानक जड होऊन उतरलं होतं.

"दोगंबी ऐका," पाटील कुजबुजले. "बाहेरच्या मुलखातनं माल आला अन् त्याची दारू निघाली, तर धाडनाराबी जातो अन् घेनाराबी जातो. पन इवायानं इवायाला धाडलं असंल, तर त्यो माल न्हाई. त्यो मेवा. मेवा नासला, म्हशीनं खाल्ला. म्हशीला कलम न्हाई. कळालं का? आता बोटं खाली करा अन् तोंडं उघडा."

बोटं खाली आली.

जवानानं पिशवीतून कागद आणि दौत काढली. पंचनामा उर्दूत लिहायचा असे. त्यानं टाक लिंगराजाकडं रोखून बसप्पाला विचारलं, "ये तुम्हारे कौन होते?"

बसप्पानं मनात हिशेब केला. नाही म्हणावं तर दोघांची रवानगी जिंतूरला. होय म्हणावं तर पोरगी खानापूरला. दारामागं बांगड्या वाजल्या. भागम्मा खोकली. लग्न होऊन बावीस वर्षं झाली होती. तो खोकला कशाचा आहे याचा मात्र बसप्पाला कधीच संशय येत नसे.

"इवाई," तो म्हणाला.

"और ये तुम्हारे?"

"इवाईच की!" लिंगराज घाईघाईनं म्हणाला. "दुसरं कोन असणार? लय सज्जन माणूस. दारूला शिवत न्हाईत हे!"

"तेबी न्हाईत शिवत!" बसप्पा त्याच्या वर आवाज चढवून म्हणाला. "शरण मानसं हाईत! मी सोता चौकशी केलीया! अकरा जनांकडं!"

"अकरा?" लिंगराजानं चमकून पाहिलं. "मी नवांकडं केली."

"शादी हो गई?" जवानानं टाक बुडवला.

"व्हायची हाय."

"कब?"

दोन्ही इवाई एकमेकांकडं पाहू लागले. जवानाचा टाक थांबला. त्याचंही काम संशयाचंच होतं. "समधी बोलते, और तारीख नहीं? कायकू जी?"

"आखितीला!" आतून भागम्माचा आवाज आला, खणखणीत. "साडेतीन मुहूर्तातला हाय, बघायचं काम न्हाई. लिवा म्हनावं!"

जवानानं अक्षय्य तृतीयेची तारीख लिहिली. पाटलांनी सही केली. दुसरा पंच म्हणून आश्रुबानं अंगठा उठवला. बसप्पानं सही केली, लिंगराजानं सही केली, आणि आपण कशावर सही केली हे त्या दोघांनाही वाचता येत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदाच बसप्पानं न वाचता सही केली.

"मुद्देमाल?" जवान म्हणाला. "इसका बीज किधर है? बीज तो नहीं दिखा."

नीलम्मा पदर सावरत बाहेर आली. तिच्या हातात पितळेची ताटली होती, आणि ताटलीत भाजून, फोडून, सोललेल्या पांढऱ्या बिया. एकही जळलेली नाही, एकही मोडलेली नाही. जवानानं एक उचलली, हुंगली, तोंडात टाकली. त्याचा चेहरा बदलला.

"अरे! ये तो काजू है! हैदराबाद में एक शादी में खाया था मैं."

बसप्पाच्या दुकानात दरवर्षी दिवाळीला थोडे काजू यायचे. ते भुईमुगासारखे जमिनीखाली लागतात, असं तो बारा वर्षं गिऱ्हाइकांना सांगत आला होता. त्यानं मान खाली घातली आणि फुगलेला अंगठा धोतरात लपवला.

जवानानं दुसरा काजू खाल्ला. पाटलांनी डोकं जड व्हावं म्हणून चार खाल्ले. पंचनामा पुरा होईपर्यंत ताटली रिकामी झाली, आणि जवानानं शेवटची ओळ लिहिली की मुद्देमाल काही सापडला नाही. सायकलवर बसताना तो म्हणाला, "शादी का कागज तो पक्का हो गया. अब नक्को बोले तो सरकार कू झूट बोले समजो. आखिती कू आता मैं, देखने."

तो जाताच म्हैस उठली, स्वतःभोवती एकदा फिरली, आणि दगडाबाईच्या दारात जाऊन पुन्हा पडली.

दिवे लागायच्या वेळेला दोघं इवाई ओसरीवर बसले होते. मध्ये दोन पेल्यांत गुळाचं पाणी होतं. आधी कोण पितो याची दोघंही वाट पाहत होते. परड्याच्या कडेला दगडाबाई उरलेल्या बियांची राख झटकत होती.

शेवटी बसप्पा म्हणाला, "इवाई, आता सरकारात लिवून झालंच हाय, म्हनून इचारतो. सोयरिकीत बिब्ब्याचा थोरला भाऊ तुमी कामून धाडला?"

"धाकटा आधी तुमी धाडलात की!"

"मी?"

"ती फुलांची माळ कशाची होती? बिब्ब्याचीच की. आमच्या आईनं पुडी सोडली आणि कपाळाला हात लावला. म्हणाली, लेका, चांगल्या कामात बिब्बा घातला त्यांनी. आमच्यात बिब्बा दाराला टांगतात, नजर लागू नये म्हणून. म्हटलं, असं हाय तर आपणबी बी बाहेर लोंबतंय असं काजूचं बोंड पाठवू. त्यांना समजायचं ते समजू दे. पण काजू महाग, म्हणून बिया फेकू नका असंबी लिहिलं."

"अवो, त्यो मेवा हाय!" बसप्पा उठून उभा राहिला. "फुलं गोड लागतेत! बाळंतिणीच्या लाडवात गोडंबी घालतेत! माह्या रानातली निवडून निवडून..."

"खायची होती ती?"

"मंग काय हुंगायची?"

"आम्ही ती उंबऱ्याबाहेर पुरली," लिंगराज हळूच म्हणाला. "वर लिंबू कापलं."

बसप्पा खाली बसला. या वेळी खाली न पाहता. सोयरिकीवर, करंडीवर, पत्रावर, काथ्यावर, एकडोळ्या कारकुनावर त्यानं संशय घेतला होता. आपल्या हातानं बांधलेल्या पुडीवर घ्यायचा तेवढा राहून गेला होता.

"मी पहिल्यांदाच म्हनलं व्हतं," परड्यातून दगडाबाई बोलली. "भाऊभाऊ हाईत ते. झाडांची सोयरीक कवाच झालेली हाय. मानसांनाच उशिरा कळतंय."

पेले दोघांनी एकदमच उचलले.

दुसऱ्या दिवशी सकाळी लिंगराज निघाला. बसप्पानं त्याला एक पुडी दिली. त्यात गोडंबी होती, बिब्ब्याची फुलं होती, आणि या खेपेला वर एक चिठ्ठी होती, मोडीत: 'खावे.' लिंगराजानं पुडी कपाळाला लावली, काखेत धरली आणि गाडीत बसला. गाडी वेशीबाहेरच्या लिंबाच्या वळणावर गेली तशी थांबली. लिंगराजानं मागं वळून पाहिलं, रस्त्यावर कुणी नाही याची खात्री केली, पुडीची गाठ सोडली आणि एकेक फूल उजेडाकडं धरून तपासू लागला.

हे सगळं बसप्पाला स्वच्छ दिसत होतं, कारण तो पुडी उघडतो का नाही हे पाहायला बसप्पा आधीच आडवाटेनं येऊन त्याच लिंबामागं उभा होता.

फूल तपासून झाल्यावर लिंगराजानं नजर वर केली. दोघांची नजरानजर झाली. मग लिंगराजानं ते फूल तोंडात टाकलं, सावकाश चावलं, आणि हात जोडले.

"शरणार्थी, इवाई."

"शरणार्थी."

घरी आल्यावर बसप्पानं झालेलं सगळं भागम्माला सांगितलं. ती चुलीपुढं बसली होती. तिनं भाकरी उलटली आणि नीलम्माला हाक मारली.

"ऐक गं पोरी. तुला सासर लांब पडंल म्हनून मी चार दिस रडायलेय. काही भेव न्हाई. सासरा घरच्यासारखाच भेटलाय."